सातशे चाळीस ग्रॅम

सॉफ्टवेअरमध्ये यायच्या आधी मी चितेगावच्या एका कारखान्यात चार वर्षं तपासणी विभागात होते. फुलंब्रीहून सकाळी एसटीनं शहरात यायचं, तिथून कंपनीच्या बसनं चितेगाव. इंजिनात बसणाऱ्या छोट्या पिना तिथं बनायच्या आणि त्या पास करायच्या की बाजूला काढायच्या, हे मी ठरवायचे. डिप्लोमा झालेली बावीस वर्षांची पोरगी शंभर पिनांचा ट्रे परत पाठवते म्हटल्यावर मशिनवरचे लोक चिडायचे. पण मला ते काम आवडायचं. मोजून पाहिल्याशिवाय हो म्हणायचं नाही, ही सवय मला तिथंच लागली.

तपासणीचे तक्ते कॉम्प्युटरवर भरता भरता मला प्रोग्रॅमिंगचं वेड लागलं. दर रविवारी शहरात क्लासला जाऊन शिकले. मग उस्मानपुऱ्यातल्या सात माणसांच्या एका ऑफिसात मुलाखत दिली. तिथल्या सरांनी माझे मार्क बघितलेच नाहीत. म्हणाले, "तपासणीतून आलीस ना? मग आमच्या चुका तुला लवकर सापडतील." दुसऱ्या आठवड्यात मी रुजू झाले.

ज्या कामाबद्दल मला सांगायचंय, ते माझ्या तिसऱ्या वर्षी आलं. शहरात एका ट्रस्टचा दवाखाना आहे. त्याच्या नवजात बाळांच्या कक्षात कमी दिवसांची, कमी वजनाची लेकरं काचेच्या पेट्यांत ठेवलेली असतात. अशा बाळाला तासाला किती मिली दूध किंवा सलाईन द्यायचं, हे त्याच्या वजनावरून ठरतं. तोवर तिथल्या सिस्टर हे सगळं कागदावर काढायच्या. आम्ही त्यांना टॅबवर चालणारं ॲप करून दिलं. सिस्टरनं वजन टाकायचं, ते आमच्या सर्व्हरवर जायचं, तिथलं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा तेवढ्याच कामाचा तुकडा, गणित करायचं आणि उत्तर टॅबवर यायचं. सहा महिने ते बिनबोभाट चाललं.

मग डॉक्टरांना मोबाइलवरूनही वजन टाकता यावं, अशी मागणी आली. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यानं ती स्क्रीन बनवली. मोबाइलवर ती दिसायला देखणी होती.

ती सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा उघडा असताना माझा फोन वाजला. कक्षाच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. पंचवीस वर्षं त्याच कामात मुरलेली बाई. आवाज कधी चढवायच्या नाहीत.

"मॅडम, तुमच्या टॅबमध्ये एका लेकराला तासाला शून्य मिली दाखवतंय. उपाशी ठेवू का त्याला?"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. म्हटलं, "सिस्टर, काहीही लावू नका. मी येते."

रिक्षानं दवाखान्यात पोचेपर्यंत मी मोबाइलवर नोंद शोधून काढली होती. टॅबवर सिस्टर वजन ग्रॅममध्ये टाकायच्या. डॉक्टरांच्या नव्या स्क्रीनवर नुसतं 'वजन' असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी त्यांच्या सवयीनं किलोत टाकलं, १.९. सर्व्हरवरच्या माझ्या फंक्शननं ते एक पूर्णांक नऊ ग्रॅम समजून घेतलं, गणित केलं आणि उत्तराला जवळचा पूर्ण आकडा म्हणून शून्य दिलं. दोन ग्रॅमचं बाळ कसं असेल, असा प्रश्न त्या फंक्शनला पडला नाही, कारण तो प्रश्न विचारायला मी त्याला शिकवलंच नव्हतं. कोणताही आकडा आला की ते घ्यायचं. टॅबच्या स्क्रीनवर चूक पकडणारा पहारा होता; सर्व्हरवर कोणीच नव्हतं.

बाळाला काही झालं नव्हतं. सिस्टरांनी कधीच कागदावर आकडा काढून थेंब थेंब सोडणारा पंप लावला होता. मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, हात धुतले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघा, शून्य होतं म्हणून दिसलं. शून्य कुणालाबी दिसतं. आकडा जवळपासचा असता, तर माझ्या नव्या पोरीनं तोच लावला असता. मग?"



ऑफिसात आल्यावर सर म्हणाले, "मोबाइलच्या स्क्रीनवर पण तपासणी टाक. दोन ओळींचं काम आहे."

"सर, उद्या तिसरी स्क्रीन होईल. मग तिथंही टाकायची आठवण राहील का?"

"आपण सात जण आहोत. आठवण ठेवू."

"काल पण आपण सातच होतो," मी म्हणाले.

बोलून गेले आणि जीभ चावली. सहकारी समोरच बसला होता, त्याचा चेहरा पडला. मी लगेच म्हटलं, की चूक त्याची नाही, माझ्या फंक्शनची आहे. गणित जिथं होतं तिथंच विचारपूस झाली पाहिजे. आकडा कुठून का येईना. सरांनी कॅलेंडर पुढ्यात ओढलं. मग विचारलं, "किती दिवस?"

"दोन आठवडे. तोवर डॉक्टरांची स्क्रीन बंद ठेवू या."

"दवाखान्याला मी सांगतो," सर म्हणाले. आजही मला त्यांचं ते वाक्य आठवलं की बरं वाटतं. दिलेली गोष्ट परत बंद करतो, असं ग्राहकाला सांगणं कुठल्याच मालकाला सोपं नसतं.

पहिले तीन दिवस मी कोडला हातच लावला नाही. पायांत प्लास्टिकचे मोजे आणि तोंडाला मास्क लावून त्या कक्षाच्या कोपऱ्यात वही घेऊन बसले. वजन कसं करतात ते पाहिलं. एक सिस्टर बाळाला काट्यावर ठेवते आणि आकडा मोठ्यानं म्हणते. दुसरी तोच आकडा परत म्हणते, तेव्हाच तो लिहिला जातो. लंगोटाचं वजन वजा होतं. नळ्या लावलेल्या असल्या तर त्या हातात उचलून धरतात. मी सारखी विचारत राहिले. वजन रिकामं असू शकतं का? कालच्यापेक्षा आज किती फरक पडू शकतो? जुळी असली तर नोंद कशी करता? इन्चार्ज सिस्टर कामातून वर न बघता उत्तरं द्यायच्या आणि मी लिहून घ्यायची.

"सगळ्यात कमी वजन किती असतं, सिस्टर?"

"आठशेच्या आतलं सहसा येत नाय आमच्याकडं. मोठ्या दवाखान्यात पाठवतेत."

मी वहीत लिहिलं: कमीत कमी आठशे.

मग काम सुरू केलं. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना दोन गोष्टी सांगाव्या लागतील. पहिली अशी, की कॉम्प्युटरला आकडा म्हणजे फक्त आकडा. ग्रॅम काय, किलो काय, मिली काय, त्याला सारखंच. पण आता अशी सोय आहे, की हा आकडा ग्रॅम आहे आणि तो मिली आहे, असं आपण लिहून ठेवू शकतो. यालाच आम्ही 'टाइप' म्हणतो. मग कोणी चुकून मिलीच्या जागी ग्रॅम दिले, तर प्रोग्रॅम चालवायच्या आधी, लिहितानाच, त्या ओळीखाली लाल रेघ येते. दुसरी गोष्ट अशी, की हे टाइप आमच्या आमच्यात लिहिताना उपयोगी. बाहेरून, कुणाच्या तरी टॅबवरून प्रत्यक्ष जे येतं ते काहीही असू शकतं. म्हणून सर्व्हरवरच्या प्रत्येक फंक्शननं आलेली माहिती आधी पूर्ण तपासायची, आणि ती ठरल्या साच्यातली असेल तरच पुढं गणिताला द्यायची. साचा एकाच ठिकाणी लिहायचा, आणि टॅबनं, मोबाइलनं, सगळ्यांनी तोच वापरायचा.

असली एकोणीस फंक्शनं होती. मी एकेक घेतलं. वजन पूर्ण ग्रॅममध्येच. तारीख उद्याची नको. बाळ कक्षात दाखल असलंच पाहिजे. विचारणारा माणूस त्या कक्षातलाच असला पाहिजे. माझा स्वतःचा नोंदी उघडून बघायचा अधिकारही मी त्यातच काढून टाकला; बाळांच्या नोंदी वाचणं माझं काम नव्हतं.

सहकारी चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. पाचव्या दिवशी मी नवं फंक्शन त्याच्या मोबाइलच्या स्क्रीनला जोडलं आणि त्याला म्हटलं, फाइल उघडून बघ. त्यानं उघडली. जिथून किलोतला आकडा जात होता, त्या ओळीखाली लाल रेघ.

"अगं, मी अजून चालवलंच नाय हे!"

"तेच तर."

त्यानं खुर्ची माझ्याजवळ ओढली. "अजून कुठं कुठं रेघ येतीय, बघू." अजून तीन ठिकाणी होत्या, आणि त्यातली एक मला माहीतच नव्हती. त्या दिवसापासून उरलेलं काम आम्ही दोघांनी मिळून केलं.

आकडा चुकला की टॅबवर येणारे निरोप मात्र इन्चार्ज सिस्टरांनी लिहिले. मी 'अवैध मूल्य' असं लिहून नेलं होतं. त्यांनी चष्मा वर केला.

"हे काय?"

"म्हणजे चुकीचा आकडा टाकलाय."

"मग तसं लिहा की. अवैध म्हटलं की माझ्या पोरींना वाटतंय पोलीस येतेत का काय." मग त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: 'वजन ग्रॅममध्ये लिहा. जसं १८५०.' सगळे निरोप आम्ही तसे केले. त्या सांगायच्या आणि मी टाइप करायची.

ठरल्याप्रमाणे दोन आठवड्यांनी ते सुरू झालं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी परत किलोत वजन टाकलं आणि मोबाइलनं ते नाकारलं. ते थोडे वैतागले. सिस्टर मला म्हणाल्या, "वैतागू द्या. मी पण लई वैतागते त्यांच्यावर, तरी ऐकतेतच ना." मला वाटलं, झालं आपलं काम. घरी जाऊन आईला, अण्णांना दोघांनाही बसवून सांगितलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळी हयात गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात काउंटरवर काढली. त्यांना माझं काम नीट कळायचं नाही, पण ऐकायला आवडायचं. म्हणाले, "म्हणजे चुकीचं माप सांगितलं की कापड फाडायच्या आधीच अडवतं." मी म्हटलं, व्हय अण्णा, अगदी तसंच.

महिनाभरानं एका सकाळी दहाच्या सुमाराला परत इन्चार्ज सिस्टरांचा फोन आला.

"मॅडम, तुमचं मशीन लेकराला आत घेईना."

सकाळीच एक बाई आल्या होत्या. फुलंब्रीच्या पुढच्या एका वस्तीवरून, मोठ्या दवाखान्यात निघालेल्या, पण वाटेतच कळा वाढल्या म्हणून या दवाखान्यात उतरल्या. मुलगी झाली. दिवस लई कमी. एवढ्या लहान बाळाला आता पुढं हलवणं धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी इथंच ठेवायचं ठरवलं. वजन सातशे चाळीस ग्रॅम. सिस्टरनं टॅबवर टाकलं, आणि टॅबनं सांगितलं: वजन चुकीचं आहे, परत तपासा. तीनदा टाकलं, तीनदा तेच.

"माझं हातानं चालूय," सिस्टर म्हणाल्या. "लेकराचं काय अडलेलं नाय. पण टॅबवर तिची नोंदच नाय, म्हणजे दुपारच्या पाळीच्या पोरीला ती दिसणारच नाय. बघा काय ते."

मला लगेच कळलं काय झालंय. वही काढली. 'कमीत कमी आठशे.' सिस्टर काय म्हणाल्या होत्या तेही आठवलं: सहसा. तो एक शब्द मी लिहिला नव्हता. त्या बाईनं विचार करून वापरलेला शब्द मी फालतू समजून गाळला, आणि आता एक जिवंत पोरगी माझ्या नियमात बसत नव्हती. पिन खराब निघाली की ट्रे परत पाठवायची सवय मला होती. इथं चुकीचं होतं ते माझं मोजमाप.

सहकारी म्हणाला, "वजनाची तपासणी तात्पुरती काढून टाकू. पाच मिनिटांत होतंय."

सर पण म्हणाले, "काढ. नीट नंतर कर."

तपासणी काढली असती तर त्या पोरीची नोंद झाली असती, आणि बाकीची चौदा बाळं परत उघड्यावर आली असती. मी म्हटलं, "सर, सिस्टरांचं हातानं चाललंय. मला दीड तास द्या."

सर उठले. त्यांनी माझ्या टेबलावरचा फोन उचलून स्वतःच्या टेबलावर नेला. "कोणाचा आला तर मी बघतो," म्हणाले.

चूक नुसत्या आठशे या आकड्यात नव्हती. तो बदलून पाचशे केला असता तरी कधीतरी परत तेच झालं असतं. मी फंक्शनला दोनच उत्तरं शिकवली होती: घेतलं आणि नाकारलं. पण एक पूर्णांक नऊ ग्रॅमचं बाळ असूच शकत नाही, आणि सातशे चाळीस ग्रॅमचं क्वचित असतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे होऊच शकत नाही ते नाकारायचं. जे क्वचित होतं त्याला परत विचारायचं. मी तिसरं उत्तर लिहिलं: 'खात्री करा.' कालच्यापेक्षा वजनात फार फरक दिसला तरी हेच उत्तर.

लिहून फाइल सेव्ह केली आणि स्क्रीनच्या कडेला लाल खुणा उमटायला लागल्या. नऊ. सगळ्या प्रोग्रॅममध्ये जिथं जिथं दोनच उत्तरं धरून चाललं होतं, त्या नऊ जागा कॉम्प्युटरनं स्वतःहून दाखवल्या. टॅबची स्क्रीन, मोबाइलची स्क्रीन, पाळी बदलतानाची यादी, डॉक्टरांना जाणारा अहवाल. माझ्या डोक्यात त्यातल्या चारच होत्या. जुन्या पद्धतीत उरलेल्या पाच मी विसरले असते, आणि त्या मला पुढच्या महिनाभरात एकेक करून कुणाच्या तरी फोनवरून कळल्या असत्या.

"स्क्रीन माझ्याकडं दे," सहकारी म्हणाला. पाच त्यानं घेतल्या, चार मी. एक लाल खूण गेली की तो नुसता "गेली" म्हणायचा. शेवटची गेल्यावर आधी लिहून ठेवलेल्या सगळ्या चाचण्या परत चालवल्या: किलोतलं वजन, रिकामं वजन, उद्याची तारीख. सगळं जिथं अडायला पाहिजे तिथं अडलं. सातशे चाळीसची नवी चाचणी घातली, ती पास झाली. आम्ही ते दवाखान्यासाठी चालू केलं आणि मी रिक्षा पकडली.

कक्षात पोचले तेव्हा बारा वाजायला आले होते. कोपऱ्यातल्या पेटीत ती होती. मी तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. माझ्या तळहाताएवढी तिची पाठ. डोक्यावर लोकरीची टोपी, आणि ती टोपीपण तिला मोठी.

इन्चार्ज सिस्टरांनी टॅब हातात घेतला आणि आकडा टाकला. टॅबवर आलं: 'वजन ७४० ग्रॅम. हे नेहमीपेक्षा खूप कमी आहे. दुसऱ्या सिस्टरनं काटा पाहिला का?' शेजारच्या तरुण सिस्टरनं, जिनं सकाळी काटा पाहिला होता, कागदावरची नोंद बघून मोठ्यानं म्हटलं, "सातशे चाळीस." तिनं टॅबवरच्या 'हो'वर बोट टेकवलं. नोंद झाली. तासाला किती मिली, तो आकडा खाली आला. इन्चार्ज सिस्टरांनी तो सकाळी कागदावर काढलेल्या आकड्याशी ताडून पाहिला.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

मग माझ्याकडं वळल्या. "मी तेव्हा सहसा म्हटलं होतं."

"व्हय, सिस्टर."

"लिहिलं नव्हतं?"

मी वही उघडून दाखवली. त्यांनी वाचली, खिशातला पेन काढला आणि माझ्यापुढं धरला. "लिही आता." तोवर त्या मला मॅडम, अहो-जाहो करायच्या. तिथून पुढं कधीच नाही.

ती पोरगी कशी आहे हे मला ऑफिसातून दिसत नव्हतं, तो अधिकार मीच काढून टाकला होता. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी दुपारच्या जेवणाच्या वेळेला मी सिस्टरांना फोन करायची. "आपली सातशे चाळीस कशी आहे?" त्या दोन शब्दांत सांगायच्या. आधी वजन उतरलं, सहाशे नव्वदपर्यंत. अशा बाळांचं उतरतंच, हे मला माहीत होतं, तरी दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग थांबलं. मग चढायला लागलं. ऑफिसात सगळ्यांना सवय झाली. मी फोन ठेवला की सर विचारायचे, "किती?"

पाचव्या आठवड्यात एकदा सिस्टरांचाच फोन आला. काही बिघडल्याशिवाय त्या स्वतःहून कधी करायच्या नाहीत, म्हणून मी उभी राहूनच उचलला.

"काय नाय झालं," त्या आधीच म्हणाल्या. "आज नवीन पोरगी होती वजनाला. आपलीच्या नावावर शेजारच्या लेकराचं वजन टाकलं तिनं. दोघींत दोनशे ग्रॅमचाच फरक. मला पण नुसतं बघून कळलं नसतं."

"मग?"

"मग काय. तुझ्या मशीननं विचारलं, कालच्यापेक्षा एवढं कसं वाढलं, दुसरीनं काटा पाहिला का. पोरगी परत गेली, पेटीवरचं नाव वाचलं, आणि रडायला लागली. तिला चहा पाजला." मग त्या म्हणाल्या, "हे मी त्या दिवशी बोलले होते ना तुला, जवळपासच्या आकड्याचं. ते आज झालं. तुला सांगावं म्हटलं."

मी थँक्यू म्हटलं की नाही, ते आता आठवत नाही. फोन ठेवून मी सहकाऱ्याला सांगितलं, मग सरांना. सर उठले, बाहेर गेले आणि सगळ्यांसाठी गरम जिलेबी घेऊन आले. सात माणसांत एक किलो. कशासाठी, असं कोणीच विचारलं नाही. मला त्या दिवशी जितका अभिमान वाटला तितका डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हाही वाटला नव्हता, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. त्या पोरीला जे दिलं गेलं असतं आणि जे दिलं गेलं, त्यांच्यामध्ये मी लिहिलेल्या ओळी उभ्या होत्या.

हे सगळं घरी सांगितलं तेव्हा अण्णा दुसऱ्याच दिवशी गुलमंडीत गेले, आपल्या जुन्या दुकानात. बाळाला झबलं घ्यायचं म्हणून सगळ्यात लहान माप मागितलं. दुकानातला माणूस म्हणाला, यापेक्षा लहान येतच नाही. अण्णांना ते लांबीरुंदीवरूनच मोठं दिसलं. मग ते मऊ मलमल घेऊन आले आणि आईनं बाहुलीला शिवावीत तशी चार झबली शिवली. धुऊन, इस्त्री करून ती मी सिस्टरांकडं पोचवली.

अडीच महिन्यांनी तिला घरी सोडलं. त्या दिवशी सिस्टरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. तिची आई माझ्याएवढीच असेल. अंगावर नवी साडी, आणि पोरीला घेऊन अशी बसलेली, की जणू कोणी परत मागेल. तिनं मला विचारलं, "तुम्ही डॉक्टरीण का?"

"नाही, मी या टॅबमधलं लिहिते."

तिला ते कळलं नसावं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "हिनंच तुझ्या पोरीला आधी दारात अडवलं होतं. आणि दीड तासात आतबी हिनंच घेतलं." त्या आईनं हसून पोरगी माझ्याकडं दिली. मी घेतली. कारखान्यात मी हजारो वस्तू हातात धरून तोलल्या असतील, पण इतक्या भीत भीत एकही नाही.

सिस्टरांनी तिला परत घेऊन काट्यावर ठेवलं. "एकोणीसशे वीस," त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि माझ्याकडं बघत राहिल्या. कोणीतरी परत म्हणायला पाहिजे होतं, आणि आजूबाजूला दुसरी सिस्टर नव्हती.

"एकोणीसशे वीस," मी म्हणाले.

त्यांनी आकडा टाकला. टॅबनं काही विचारलं नाही.

त्याला आता दोन वर्षं झाली. त्या ट्रस्टच्या आणखी दोन दवाखान्यांत ते ॲप चालतं, आणि एकोणीसची एकेचाळीस फंक्शनं झालीत. नवीन कोणी ऑफिसात आलं, की सर त्यांना पहिले तीन दिवस कोडला हात लावू देत नाहीत, मास्क देऊन कक्षात बसायला पाठवतात. परवा एक मुलगी तिथून परत आली आणि तिची वही मला दाखवायला घेऊन आली. सिस्टर काय काय म्हणाल्या ते तिनं शब्दन् शब्द लिहिलं होतं, मध्ये एका बाळाला रागावल्या होत्या तेसुद्धा.